तारेला टांगलेलं युरोप

बाहेरदेशी गेलो की मी घरी पोस्टकार्ड टाकतो. ऑफिसातले लोक हसतात, म्हणतात अरे आईवडिलांकडे व्हॉट्सअ‍ॅप आहे ना, व्हिडिओ कॉल कर की. करतो ना, रोज करतो. पण त्यात काय होतं ते सगळ्यांना माहितीये. माय विचारते जेवला का, मी म्हणतो जेवलो, आप्पा मागून ओरडतात थंडी किती, मग दोन्हीकडून नुसतं हॅलो हॅलो, आवाज येतोय का, मोबाइल सरळ धर, आणि मला इकडे फिरता पंखा दिसत राहतो. फोटो पाठवले तर अंगठा येतो. शंभर फोटोंना एक अंगठा. त्यावर प्रश्न कोणी विचारत नाही, हे माझं खरं दुखणं.

कार्ड गेलं की मात्र प्रश्न येतात. आणि ते फक्त घरून येत नाहीत, अख्ख्या गल्लीतून येतात.

आमचं गाव चोपडा तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं, केळीचं. गावातलं पोस्ट म्हणजे एका घराची पुढची खोली, दिवसातले थोडेच तास उघडी. टपाल वाटणारा डाकसेवक गावचाच, त्याला पत्ता वाचायची गरजच पडत नाही, अक्षर बघून सांगतो कोणाचं आहे. आता टपाल म्हणजे तरी काय, बँकेची पाकिटं, एलआयसी, कोर्टाच्या नोटिसा, आधार कार्ड. त्यात एकदम निळ्या तळ्याचा, मागे बर्फाचा डोंगर असलेला रंगीत पुठ्ठा निघाला की तो थैलीत खाली कशाला ठेवेल, तो हातात धरूनच गावभर फिरतो. चौकात कोणीतरी विचारतं काय आहे रे, तो दाखवतो, तिथे एकदा वाचून होतं. मग दुकानावर. मग आमच्या ओट्यावर येईपर्यंत मी काय लिहिलंय ते आप्पांना आधीच कोणीतरी सांगून गेलेलं असतं.

ही तक्रार नाही हां. पोस्टकार्डाची जातच तशी. १ ऑक्टोबर १८६९ला ऑस्ट्रिया-हंगेरीत पहिलं सरकारी पोस्टकार्ड निघालं तेव्हापासून लोकांची हीच कुरकुर, की बाबा हे उघडं आहे, नोकरचाकर वाचतील, पोस्टमन वाचेल. तरी खपलं, कारण स्वस्त होतं. आपल्याकडे १ जुलै १८७९ला आलं, पाव आण्याला. आज साधं देशातलं कार्ड ५० पैशाला आहे आणि ५० पैशात दुसरं काय मिळतं ते शोधून दाखवा. आणि ज्याला लाज वाटते त्याने पाकीट वापरावं, आमच्याकडे तर पाकीट आलं की उलट संशय यायचा, एवढं काय झाकून लिहिलंय म्हणून.

तर कार्ड गल्ली वाचणार आहे हे एकदा धरून चाललं की लिहिणं बदलतं. "इथे फार सुंदर आहे, हवा मस्त आहे" असलं लिहून गल्लीचं पोट भरत नाही. डाव्या बाजूला एवढुशी जागा असते (कार्डाच्या मधली ती उभी रेघ आधी नव्हतीच, मागची अख्खी बाजू पत्त्यासाठी राखीव, १९०२ला ब्रिटनच्या पोस्टाने अर्ध्या भागात मजकूर चालेल म्हटलं तेव्हा ती आली), त्यात चर्च किती साली बांधलं ते लिहायचं का केळी कशी किलो ते? मला विचाराल तर केळी.

जर्मनीत होतो तेव्हा सुपरमार्केटात गेलो की मी आधी केळीपाशी जायचो. सोबतच्या लोकांना वाटायचं हा काय शाकाहारी माणूस, केळावर जगतोय. तिथे घड कुठे दिसत नाही, फणीचेही तुकडे करून ठेवलेले असतात, चार-पाच केळांचा एकेक, त्यावर स्टिकर. इक्वेडोर, कोलंबिया, कोस्टा रिका. भाव सव्वा-दीड युरोच्या आसपास किलोला. जर्मनीत केळीचं एक झाड उगवत नाही आणि सफरचंदापेक्षा केळी स्वस्त! हे मी लिहिलं, तेवढंच लिहिलं, आणि फोनवर आप्पांचा पहिला प्रश्न, "तठे केयीना भाव काय शे ते समजनं, पन शेतकऱ्याले काय भेटस?" आता हे मला कुठे माहीत होतं. मग वाचत बसलो. तिथून पुढे कार्डांचं एक प्रकरणच झालं. जातीचं नाव लिहिलं, कॅव्हेंडिश. आपल्याकडे टिश्यू कल्चरची जी ग्रँड नैन लावतात ती त्याच घराण्यातली, म्हणजे आमच्या मळ्यातलं खोड आणि त्या स्टिकरवालं केळ एका भावकीतलेच निघाले. आधीची बसराई पण त्यातलीच. मग पुढच्या कार्डावर, की ती केळी कच्ची हिरवी तोडून जहाजात १३-१४ डिग्रीला ठेवून आणतात, त्याच्या खाली गेलं की साल काळवंडतं. हे वाचून गल्लीतले सगळे एकदम जाणकार झाले, कारण थंडीच्या दिवसात केळीवर चरका पडतो म्हणजे काय हे तिथे शेंबड्या पोरालाही कळतं. बंदरावर उतरली की इथिलीन वायू सोडून खोलीत पिकवतात, तर आपल्याकडचं रायपनिंग चेंबर तेच करतं. बोर्डावर एक भाव आणि व्यापारी कापतो दुसऱ्याच भावाने, तसलं तिकडे चालतं का, असं एकाने विचारून पाठवलं. त्याचं उत्तर कार्डात मावण्यासारखं नव्हतं. आपली केळी तिकडे का दिसत नाही हाही प्रश्न आलाच. जळगावची केळी जाते आखाताकडे, इराणकडे, तिथे जहाज लवकर पोचतं. युरोपचा रस्ता लांबचा.

आयफेल टॉवरवर मला आजपर्यंत एकाने प्रश्न विचारला नाही. सॉरी, एकाने विचारला होता, गंजत नाही का म्हणून. लोखंडाचाच आहे, गंजू नये म्हणून त्याला सारखा रंग मारत राहावं लागतं. तेही कळवलं.

पण सगळ्यात गाजलेलं कार्ड इटलीचं. नेपल्सच्या त्या बाजूला म्हशी पाळतात, आणि पिझ्झावर जे मोझरेला म्हणून चीज घालतात त्यातलं भारीतलं म्हशीच्याच दुधाचं. मी एवढंच लिहिलं, की इथे म्हशी आहेत, काळ्या, आपल्यासारख्याच, डबक्यात बसतात. कार्डावर चित्र समुद्राचं होतं, व्हेसुव्हियस ज्वालामुखी वगैरे, त्याकडे कोणी बघितलंही नसेल. "इटलीमा बी म्हशी शेतस!" ही बातमी संध्याकाळपर्यंत डेअरीवर गेली. दूध किती देते, फॅट किती लागतं, पारड्याचं काय करतात.

आणि त्या म्हशीवरून माय एक गोष्ट बोलली जी तिने कधी सांगितली नव्हती. फोनवरच बोलली, भाजी निवडता निवडता, सहज.

तिचं माहेर साक्रीकडचं. लग्न होऊन आली तेव्हा शाळा चौथीपर्यंत झालेली, लिहिता चांगलं यायचं. माहेरी पंधरा दिवसांनी कार्ड जायचं. पण कार्ड आणणार आजोबा, ती लिहिणार, मग आजोबा वाचणार आणि मग ते पेटीत टाकणार. तिकडेही तेच, कार्ड माहेरी पोचलं की वाड्यात मोठ्याने वाचलं जाणार. मग त्यात काय लिहिणार माणूस? "येथील सर्व खुशाल, तुमची खुशाली कळवावी, लहानांस आशीर्वाद मोठ्यांस नमस्कार." वर्षानुवर्षं तेच. मायला ताप असला तरी खुशाल, घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोलत नसलं तरी खुशाल. तर तिचं आणि तिच्या मोठ्या भावाचं, म्हणजे माझ्या मामाचं, ठरलेलं होतं. कार्डात शेवटी "म्हैस व्याली का" असं विचारलं की समजायचं, मला न्यायला या. आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची वाट बघू नका, काहीतरी निमित्त काढून लवकर या. मामा यायचा. एकदा तर पेरणी टाकून आला म्हणे. आजोबांना पटायचं नाही, पण दारात आलेल्या मुराळ्याला परत कसं पाठवणार.

"मंग आजोबांना कधी कळलं नाही?" मी विचारलं.

"एक डाव म्हने, सूनबाई, तुझ्या माहेरची म्हैस वरीसभर व्यातच ऱ्हास का." आणि हसली. बस एवढंच, पुढे भाजीचं बोलायला लागली.

मला आधी वाटायचं उघडं कार्ड म्हणजे मजाच मजा, सगळी गल्ली वाचते, काय छान. ते माझ्यासाठी. मी परदेशात पगारी माणूस, मला लपवायचं काही नाही, आणि असलं तर माझ्या खिशात फोन आहे. मायला त्याच कार्डातून सगळ्यांच्या डोळ्यांदेखत एकच माणूस वाचेल असं लिहायचं होतं. तिच्या पिढीच्या बायकांची खुशाल-खुशालची कार्डं कुठे जपलेली असतील तर ती पुन्हा वाचायला पाहिजेत कोणीतरी, म्हैस, कपाशी, पाऊस, काय काय विचारलंय ते नीट बघत.

माझी बहीण दोंडाईच्याला दिलीय. एका आखाजीला ती घरी आलेली असताना माझं कार्ड आलं आणि ती रुसली, माहेरीच का पाठवतो, मला काय पत्ता नाही का. तेव्हापासून तिलाही एक टाकतो. तिच्याकडे ते आधी सासूबाई वाचतात. त्यामुळे त्या कार्डावर मी फार सभ्य असतो. पण सासूबाई खूश, त्यांनी मला निरोप पाठवला की बर्फाचं नको, फुलांचं पाठव.

एक कार्ड मात्र फार महागात गेलं असतं. मोठीमाय, म्हणजे आजी, तेव्हा होती. तिला वाचता यायचं नाही. कार्ड आलं की ती आधी कोपरे बघायची. आमच्याकडे मौतीचं कार्ड यायचं त्याचा कोपरा फाडलेला असायचा, आणि ते घरात ठेवत नसत, वाचलं की बाहेरच फाडून टाकायचं. लग्नाचं असेल तर कोपऱ्यांना हळदकुंकू. म्हणजे अक्षरओळख नसलेल्या माणसालाही कार्ड हातात घेतल्या घेतल्या अर्धं कळायचं, फार हुशारीची व्यवस्था होती ती. तर माझं एक कार्ड कुठेतरी मशीनमध्ये अडकलं असेल, त्याचा वरचा कोपरा फाटलेला. दुपारची वेळ, आप्पा मळ्यात, माय गिरणीवर, घरात ही एकटी. डाकसेवकाने कार्ड ओट्यावर ठेवलं आणि तो घाईत पुढे गेला, बहुतेक वाचून दाखवायला थांबला नाही असा तेवढा एकच दिवस. हिने कोपरा बघितला आणि तिथेच खाली बसली. कोन गयं रे भो, कोन गयं, करत. शेजारची काकू धावत आली, तिला चष्म्याशिवाय दिसेना. शेवटी शाळेतून पोरं सुटली, त्यातल्या एकाला धरून आणलं. तो सातवीतला पोरगा, त्याने मोठ्या आवाजात कवितेसारखं वाचलं: इथे ट्रेन एक मिनिट उशिरा आली तर लोक घड्याळ बघतात. मी आज बटाट्याचं भरीत खाल्लं, त्यात मिरची नव्हती.

मोठीमायने मग मला फोनवर जे ऐकवलं ते अहिराणीत आहे आणि इथे लिहिण्यासारखं नाही. आता मी कार्ड टाकताना चारी कोपरे बघतो. जाड पुठ्ठ्याचंच घेतो.

कार्ड पोचतं कसं याचं मला अजून नवल वाटतं. पत्ता मी मराठीत लिहितो. खरंच. नाव, गाव, तालुका चोपडा, जिल्हा जळगाव, सगळं देवनागरीत, फक्त पिनकोड इंग्रजी आकड्यांत आणि खाली मोठ्या रोमन अक्षरांत इंडिया. जर्मनीच्या पोस्टाला एवढंच कळायला हवं की हे भारतात जायचंय, बाकी तिथे पोचल्यावर ज्याला वाचायचं तो वाचेल. मुंबईत उतरलं की ४२५ बघितलं की आमचा पट्टा, मग रेल्वेने किंवा गाडीने जळगाव-भुसावळकडे. हा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला आणि त्यामागे डोकं आपल्या मराठी माणसाचं, श्रीराम भिकाजी वेलणकर. पोस्टखात्यात मोठे अधिकारी आणि त्याशिवाय संस्कृतचे कवी. एकाच नावाची ढीगभर गावं, पत्ता लिहिणाऱ्या प्रत्येकाची लिपी वेगळी, अक्षर वाचवत नाही, यावर सहा आकडे काढले. आमच्या तालुक्यात वडगाव किती आहेत विचारा, मग वेलणकरांचे उपकार कळतील.

आणि त्याच्याही आधीचं म्हणजे तिकीट. मी तिकडे त्यांच्या पोस्टाला पैसे देतो आणि कार्ड माझ्या दारात आणून देतो आपला माणूस. १८७४च्या आधी हे सोपं नव्हतं, पत्र ज्या ज्या देशातून जाणार त्यांचे वेगवेगळे करार, वेगवेगळे दर. मग स्वित्झर्लंडमधल्या बर्नला सगळे बसले, ९ ऑक्टोबरला करार केला की पत्रांपुरता सगळा मुलूख एक धरायचा, भारत त्यात १८७६ला गेला. म्हणून ९ ऑक्टोबरला जागतिक टपाल दिन असतो. पुढे १९६९ला ठरलं, की पत्र वाटणाऱ्या देशाला त्याच्या कामाचे पैसे द्यायचे. त्यातलं आमच्या डाकसेवकाच्या हातात किती पडतं हा प्रश्न गल्लीने विचारलाय. केळीवाल्या प्रश्नासारखाच आहे हा.

ज्यांना पाठवायचंय त्यांच्यासाठी अनुभवाचं थोडं. बॉलपेनने लिहा, गुळगुळीत कार्डावर जेलची शाई पसरते. खालची पट्टी मोकळी सोडा, जर्मनीत मशीन तिथे नारिंगी रेघांचा कोड छापतं आणि तुमची शेवटची ओळ त्याखाली जाते (डाकसेवकाला त्या रेघा कस्टमच्या वाटायच्या). इटलीत तिकीट पोस्टातून नाहीतर तंबाखूच्या दुकानातून घ्या, टूरिस्ट दुकानात खाजगी कंपन्यांची तिकिटं विकतात, ती त्यांच्याच डब्यात टाकावी लागतात, लाल सरकारी पेटीत चालत नाहीत. व्हॅटिकनचं तर पोस्टच वेगळं, तिथलं तिकीट तिथल्याच पेटीत, चौक ओलांडून रोममध्ये आलात की ते तिकीट म्हणजे नुसतं चित्र. आणि घाई करू नका. तीन आठवडे धरून चाला, जास्तही लागतात. स्वित्झर्लंडच्या युंगफ्राउयोखला, ३४५४ मीटरवर, रेल्वे स्टेशनात पोस्टाची पेटी आहे, तिथून टाकलेलं बर्फाचं कार्ड गावात पोचलं तेव्हा मे महिना, जळगाव-भुसावळकडे पारा ४५वर. "पोऱ्या बरफमा अन् आपन भट्टीमा" म्हणत ते कार्ड दुपारभर ओट्यावर फिरलं, एकाने म्हणे त्याने वारा घेतला.

कधी कधी मी कार्डाच्या आधी घरी पोचतो. मग डाकसेवक ते माझ्याच हातात देतो आणि ओट्यावरचे म्हणतात, वाच. मीच लिहिलेलं, सगळ्यांनी चौकातच वाचलेलं, तरी वाच. वाचतो.

वाचून झालं की कार्ड तारेवर जातं. ज्यांच्या घरी होती त्यांना माहिती असेल ती तार, खाली लाकडाची चकती, वर आकडा, मधे टोकदार तार, तिच्यात कागद खुपसत जायचे. आप्पांची तार आजोबांच्या वेळची आहे. तिच्यावर लाइट बिल, सोसायटीची पावती, केळीच्या काट्याच्या चिठ्ठ्या, खताचं बिल, आणि मधे मधे माझी कार्डं, आली त्या क्रमाने. म्हणजे प्रत्येक कार्डाला बरोब्बर मध्यभागी भोक. कोलोनच्या चर्चला भोक, तळ्याला भोक, व्हेसुव्हियसला तर असं पडलंय की ज्वालामुखीचं तोंडच वाटतं. तिकिटं शिल्लक नाहीत, ती गल्लीतल्या पोरांनी पाणी लावून काढून नेली. माझा एक मित्र जुनी कार्डं जमवतो, त्याला दाखवलं तर त्याने डोळे मिटून घेतले. मी म्हटलं आप्पा, अल्बम आणून देतो. आप्पा म्हणाले अल्बममध्ये घातलं की कोणत्या साली आलं ते कसं कळेल? तारेवर कळतं. हे कार्ड आलं तेव्हा करपा पडला होता, बघ खाली औषधाचं बिल. यावर काय बोलणार.

डेन्मार्कच्या सरकारी पोस्टाने २०२५च्या शेवटी पत्रं वाटणंच बंद केलं. चारशे वर्षांचं काम, आणि रस्त्यावरच्या लाल पेट्याही उचलून नेल्या. कारण साधं, पत्रंच उरली नव्हती. जर्मनीतून बाहेर जाणाऱ्या कार्डाचं तिकीट ९५ सेंटचं जानेवारी २०२५ला १.२५ युरो झालं. महाग होत होत एक दिवस तिथलंही थांबेल, कोण जाणे. थांबेपर्यंत टाकायची.

पुढे जपानला जायचं चाललंय. तिथून जगात कुठेही कार्ड १०० येनला जातं, ऑक्टोबर २०२३च्या आधी ७०ला जायचं. ही बातमी फुटली आणि समोरच्या घरातल्या जिभाऊंनी फोन मागून घेतला. त्यांचं म्हणणं, इतकी वर्षं तुझी कार्डं मी वाचतोय, एखादं माझ्या नावाने टाकशील की नाही. भाव नको, चर्च नको. "तठला ट्रॅक्टर कसा ऱ्हास ते लिखजो." जपानचे ते छोटे ट्रॅक्टर, भातशेतीतले. मी हो म्हटलं.

आप्पा मात्र यावर नाराज आहेत. जिभाऊंकडे तार नाही, ते कुठेतरी खुपसून ठेवतील आणि हरवून टाकतील. त्यापेक्षा आपल्याच पत्त्यावर येऊ दे, म्हणाले, वाचायला तो येतोच की.